पाठीमागचा वारा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा हा विषय शिताफीने टाळतो — मग तुम्हालाच का सांगतोय? मलाही नीट माहीत नाही. जरा आडवळणाने येईन, तेवढं सांभाळून घ्या.

मावळातल्या एका टेकडीवरून आम्ही लोकांना उडवतो. पॅराग्लायडिंग. आता नव्या पोरांना मीच शिकवतो आणि पहिल्या दिवशी फळ्यावर एकच गोष्ट समजावतो. ग्लायडर हवेतून समजा ताशी पस्तीस किलोमीटरने जातंय. समोरून पंधराचा वारा असेल, तर जमिनीवर तुम्ही विसाने उतरता. तोच वारा पाठीमागून असेल, तर पन्नासाने. ग्लायडर तेच, वारा तेवढाच — फिरली ती फक्त दिशा. म्हणून नुसती चाल बघायची नाही, वेग बघायचा — म्हणजे दिशेसकट. पोरं माना डोलावतात. सर, किती सोपं करून सांगता, म्हणतात. ते ऐकलं की मी फळा पुसायला वळतो.

कारण मला ते कळलं कसं? बारावी सायन्सला 'वेगाला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात' हे मी घोकलं होतं, पेपरात ओकलं होतं, पास झालो होतो. त्या वाक्याचा कुणाच्या हाडांशी संबंध असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं.

तेव्हा मी खाली, उतरायच्या शेतात उभा असायचो. वरून येणाऱ्याला हातांनी खुणा करायच्या — दोन्ही हात वर म्हणजे सरळ ये, एक हात आडवा म्हणजे वळ. वाऱ्याकडे तोंड करूनच उतरवायचं, असं आमच्या सरांनी बजावलं होतं. मला ती आपली एक रीत वाटायची.

सुरेखा बेडशाची, शेतकऱ्याघरची. आमच्या आसपासच्या गावांतून पायलट व्हायला निघालेली पहिलीच मुलगी. तिच्या आबांना राजी करता करता सरांच्या नाकी नऊ आले होते. त्या दुपारी ती एकटीने उतरत होती आणि मधेच वारा फिरला. तिला वळवायला हवं होतं. पण वळली असती तर पार ओढ्यापलीकडे उतरली असती — आणि तिथून ते ग्लायडरचं ओझं जीपपर्यंत वाहून आणायचं कुणी? मीच ना? मला कंटाळा आला. लाज वाटते, पण खरंच तेवढंच होतं. मनात म्हटलं, चाल तर तीच, इकडून आली काय नि तिकडून आली काय! उलट वारा पाठीशी असला तर बरंच.

मी दोन्ही हात वर केले.

ती सरळ आली. माझ्यावर विश्वास टाकून आली. किती जोरात येतेय, हे ती अगदी जवळ येईपर्यंत मला दिसलंच नाही — मग ती पाय टेकवायला गेली आणि बांधावर आदळली. तो आवाज मी कुणाला सांगू शकत नाही.

सर टेकडीवरून धावत येईपर्यंत माझं वाक्य तयार होतं. मी वळायची खूण केली, तिने बघितलं नाही. वरून, इतक्या लांबून, त्यांना माझे हात दिसणं शक्यच नव्हतं. घाबरून बोललो? हो. पण नंतर? भीती ओसरल्यावर कोणी तोंड धरलं होतं माझं? उलट, जो विचारेल त्याला मी हात आडवा करून दाखवत राहिलो — असा, असा केला होता.

लोणावळ्याच्या दवाखान्यात तिला बघायला गेलो. कमरेचा मणका गेला होता. चालू शकेल, पण उडणं कायमचं बंद, असं डॉक्टर म्हणाले होते. तिचे आबा उशाशी उभे होते. आता ती सगळ्यांदेखत विचारणार, या धास्तीने माझे पाय दारातच अडकले. पळून जावंसं वाटलं.

तिनेच मला जवळ बोलावलं.

"दादा, मला तुमचं दोन्ही हात वर दिसलं हुतं. पर घाबरून माझीच नजर चुकली आसंल. माझ्यामुळं तुमाला बोलणी खावी लागली. माफ करा मला."

"व्हय," आबा म्हणाले, "पोरीचंच चुकलं."

आणि मी — मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला माफ केलं.