हिटरची लाल तार

मुलानं खाली गाडी चालू केली आणि डिझेलच्या वासासरशी झरी गावातली थंडीची ती सकाळ आठवली.

माझ्या आजारी आईला परभणीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. जीपच्या डॅशबोर्डवरची हिटरची तार लाल होईना, गारठलेलं इंजिन चालू होईना. ड्रायव्हर रशीदभाई स्क्रूड्रायव्हरनं इंजिन तापवणाऱ्या, एकाच तारेवर जोडलेल्या हिटर प्लगांतला एकेक वगळून पाहू लागले. शेवटचा वगळताच तार लाल झाली.

"ह्योच जळालाय. एक गेला की समदे बंद पडतेत."

नवा प्लग बसला, जीप धूर सोडत चालू झाली. मागं शालीत गुरफटलेली आई हळूच म्हणाली, "रशीदभाई, आता घराकडंच सोडा. मी लय थकले."

तेव्हा मला तो हट्ट वाटला होता.

खालून मुलगा हाका मारतोय. माझ्याच दवाखान्याची फाइल मांडीवर आहे, आणि मला उठवत नाही.