लेनोरबाईंचे ओठ

जेवणाच्या सुट्टीत डबिंग स्टुडिओतल्या सोफ्यावर मी जरा पाठ टेकते. डोळे मिटतात, पण भालेकरसरांचं बोलणं कानातून जात नाही. "यामिनी, जेवण झालं की शेवटचा टेक. नाही जमलं तर उद्या दुसरीला बोलावतो." लेनोर व्हेन ही अमेरिकन नटी, वारली त्याला जमाना झाला. तिच्या जुन्या बोलपटाला मी मराठी आवाज देतेय. अख्खा सिनेमा झाला. शेवटी जिन्यावर उभी राहून ती नवऱ्याला म्हणते, "मी तुझीच आहे." तिथे मात्र सकाळपासून ओठ काही केल्या जुळत नाहीत. इतक्या वर्षांचं नाव आज धुळीला मिळणार.

सोफा खचतो. पायाशी कुणीतरी बसलंय.

"बांगड्यांना रुमाल कशाला गुंडाळलास?"

लेनोरबाईच. पडद्यावर आहेत तशा, काळ्यापांढऱ्या. बोलतात मराठी, आणि तेही माझ्या आवाजात. 

"माइकमध्ये किणकिण येते ना," मी सांगते. "भाचीच्या लग्नात भरल्यात. घट्ट आहेत, निघत नाहीत."

"ऊठ."

मी उठते तर पायाखाली तोच जिना. दिव्यांची धग, खाली माणसंच माणसं, सगळ्यांची नजर माझ्या तोंडावर. मी बोलायला जाते. आवाज फुटत नाही. घसा ताणते, किंचाळते, काहीच नाही. आणि कुठूनतरी दुसऱ्याच बाईचा गोड, घोटीव आवाज येतो, "मी तुझीच आहे." लोक टाळ्या वाजवतात. मेल्यांनो, ती मी नाही! संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

"कसं वाटतं?" लेनोरबाई विचारतात. "मूकपटात मी राणी होते. मग बोलपट आले. माझी बोली कोळशाच्या खाणीवरची. स्टुडिओच्या मालकांना ती चालेना. माझ्या तोंडी दुसरीचा आवाज घातला, प्रत्येक सिनेमात. कुणाला कळूही दिलं नाही."

जिना उतरते तर स्वयंपाकघर. चुलीवर बटाटे उकडतायत, खिडकीवर कोळशाची काजळी. टेबलाशी एक म्हातारी आमच्याकडे पाठ करून बसलीय.

"माझी आई," बाई म्हणतात. "माझा सिनेमा बघून आली आणि म्हणाली, ही आमची हिल्डा नव्हे. त्यानंतर बोललीच नाही माझ्याशी."

"म्हणजे तुम्ही हिल्डा?"

"लेनोर हे नाव मालकांनी ठेवलेलं. या सिनेमाच्या शेवटच्या दृश्यात मी लिहून दिलेलं वाक्य म्हटलंच नाही. माझा आवाज कुठे वापरणार होते ते? आईलाच सांगून टाकलं."

"काय सांगितलंत?"

त्या माझं मनगट पकडतात. रुमाल सुटतो. एकेक बांगडी हाडावरून ओढली जाते, कळ डोक्यात जाते.

"तू कानांनी काम करतेस. कानात ती दुसरी आहे. माझ्या तोंडाकडे बघ."

आता त्यांचा आवाज बंद आहे. ओठ तेवढे हलतात. मी बघते, आणि मला कळतं.

"यामिनी, चल!" भालेकरसर दारातून हाक मारतात.

मी ताडकन उठून बसते. मनगट लालबुंद, मोकळं. बांगड्या सोफ्यावर रुमालात रचून ठेवलेल्या. एकही पिचलेली नाही.

माइकपुढे उभी राहून मी म्हणते, "सर, हेडफोनमधला मूळ आवाज बंद करा."

पडद्यावर जिना येतो. बाई तोंड उघडतात.

"आई, मी हिल्डाच आहे."

ओठ तंतोतंत जुळतात.

"जुळलं! पण हे वाक्य कुणाचं?" काचेपलीकडून सर विचारतात.

"बाईंचं," मी म्हणते.