काय, का, कशावरून, कुठवर

इतिहासाचे पेपर तपासण्याआधी मुजावर मास्तर सुई-दोरा काढत. पेपरच्या ज्या कोपऱ्यावर मुलाचे नाव असे तो कोपरा आत दुमडायचा, वर दोन टाके घालायचे आणि पेपर गठ्ठ्यात सरकवायचा. सगळे पेपर तपासून झाले, बेरजा पुन्हा ताडून पाहिल्या, की मगच टाके उसवत. त्यांच्या घरी पुस्तकबांधणीचा धंदा होता. लिहिण्याचा टाक हातात येण्याआधी त्यांच्या हातात सुई आली होती.

एकदा हेडमास्तरांनी हे पाहिले आणि विचारले, "मुजावर, पेपर तपासताय की गोधडी शिवताय?"

मास्तर म्हणाले, "साहेब, नाव दिसलं की टाक वाकतो. माजा वाकतो, तुमचाबी वाकंल. गोधडी शिवली की दोगांनाबी झोप लागती."

कोल्हापुरात तेव्हा महाराजांनी बोर्डिंगे काढली होती आणि खेड्यापाड्यांतून मुले शिकायला येऊ लागली होती. आमच्या वरच्या वर्गात इनामदाराचा मुलगा आणि गुऱ्हाळावर गूळ करणाऱ्या गुळव्याचा मुलगा एकाच बाकावर बसत. मास्तर बुटके होते, अंगाने किरकोळ होते. आवाज मात्र असा, की शेजारच्या वर्गात गणित चालू असले तरी तिथल्या मुलांना पन्हाळ्याचा वेढा ऐकू जाई.

वर्षाच्या पहिल्या दिवशी ते फळ्यावर चार शब्द लिहीत: काय, का, कशावरून, कुठवर. प्रत्येक प्रश्नाला दहा गुण असत आणि ते या चार शब्दांत वाटलेले असत. काय घडले याला चार. का घडले याला तीन. हे तुम्हाला कशावरून कळले याला दोन. राहिलेला एक गुण 'कुठवर'चा. आपली माहिती कुठे संपते हे ज्याने ओळखले आणि तसे लिहिले, त्याला तो मिळे. परीक्षेआधीच हे सगळे उघड करण्यावर इतर शिक्षकांचा आक्षेप होता. मास्तरांचे उत्तर ठरलेले होते. "मार्क कुठं ठेवल्यात त्ये पोरास्नी सांगायला नको? परीक्षा हाय ही, लपंडाव न्हाई."

पहिल्या चाचणीत मी एका लढाईबद्दल 'भयंकर रणकंदन झाले' असे लिहिले होते. समासात तांबड्या शाईने दोन शब्द आले: "भयंकर कुणाला?" त्या वाक्याला गुण नव्हता. पुढे वर्तमानपत्रात नोकरी धरल्यावर अनेकांनी माझी भाषा कोरडी असल्याची तक्रार केली. त्या कोरडेपणाचा उगम त्या समासात आहे.

'कुठवर'चा गुण बहुतेकांना कधीच मिळत नसे. मुले पान भरत. ठाऊक असलेले लिहून झाले की ठाऊक नसलेले लिहीत. मास्तर पेपर परत देताना म्हणत, "गाडी रस्ता संपला तिथं थांबली न्हाई, थेट हिरीत गेली की रं!"

निकालानंतरचा दिवस भांडणाचा. हे नाव मास्तरांनीच दिलेले. शाळेच्या ओसरीवर ते सतरंजी टाकून बसत, सगळे पेपर समोर मांडलेले असत. कुणीही यावे, कुणाचाही पेपर उघडावा आणि गुणांवरून भांडावे. अट एकच: बोट पेपरमधल्या ओळीवर ठेवून बोलायचे. "ओळीवर बोट न्हाई त्येनं घरी जाऊन आईसंगं भांडावं," असे ते सांगत.

ज्या वर्षाची ही हकिकत आहे, त्या वर्षी इतिहासात पहिल्या येणाऱ्या मुलाला पुण्याला कॉलेजात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती होती. गणू चौगुले हा हातकणंगल्याकडचा मुलगा बोर्डिंगात राही. त्याच्या वडिलांनी त्याला स्वच्छ सांगितले होते, "शिष्यवृत्ती गावली तर पुन्याला जा. न्हाई गावली तर गुऱ्हाळावर ये, चुलवाणाला जाळ घालाया मानूस पायजेच हाय." टाके उसवले तेव्हा गणू पहिला निघाला. इनामदारांचा जयसिंग दुसरा. फरक एका गुणाचा.

भांडणाच्या दिवशी इनामदार स्वतः आले. मागे जयसिंग मान खाली घालून उभा. इनामदार सतरंजीवर बसले आणि त्यांनी गणूचा पेपर उचलला. राजे पन्हाळ्याच्या वेढ्यातून कसे निसटले, हा प्रश्न होता. गणूने उत्तराच्या शेवटी लिहिले होते: 'बरोबर किती माणसे होती याचे आकडे निरनिराळे सांगतात. खरा कोणता हे मला ठाऊक नाही.' समासात 'कुठवर'चा एक गुण होता.

इनामदारांनी ओळीवर बोट ठेवले. "मास्तर, ठाऊक न्हाई म्हनल्याबद्दल मार्क? मग आमच्या गड्याला पैला नंबर द्या की! त्येला तर कायबी ठाऊक न्हाय."

ओसरी हसली. मास्तरही हसले. "देतो की. आदी त्येला काय, का आन् कशावरून लिवू द्या, मग ह्यो एक मार्क त्येचाच."

"आन् आमच्या पोराचं काय? त्येनं लिवलंय, आमचा पूर्वज पालखीबरुबर हुता. त्येचं मार्क का कापलं? आमी काय खोटं बोलतोय?"

"सरकार, आसंल की पूर्वज. मी न्हाई म्हनलो न्हाय. पन ह्येला कळलं कशावरून?"

"आमच्या घरात सांगत आल्यात. माज्या आज्यानं मला सांगितलं."

"मग पोरानं तेवढंच लिवायचं. 'आमच्या घरात असं सांगतात.' एवढं लिवलं आसतं तर कशावरूनचा एक मार्क मी दिला आसता. तुमच्या आज्याला माज्या पेपरात जागा हाय, सरकार. पोरानंच त्येला दाराबाहिर उभा केलाय."

मागून जयसिंगाचा आवाज आला, "व्हय आबासाहेब. लिवायला पायजे हुतं."

"तू गप रं," इनामदार म्हणाले. पण ते उठले नाहीत. त्यांनी गणूचा पेपर पहिल्यापासून वाचायला घेतला. सावकाश, ओठ हलवत. एका पानावर ते अडले आणि बोट टेकले. "हितं बगा. 'त्या काळी रयत सुखी होती.' ह्ये कशावरून? ह्येच्या पणज्यानं सांगितलं काय? आन् तुमी हितं कशावरूनचं दोन्ही मार्क दिल्यात."

मास्तरांनी पेपर घेतला, डोळ्यांजवळ धरला. गणू खांबाला टेकून उभा होता. त्याला काय चालले आहे ते कळले होते, आम्हाला सगळ्यांनाच कळले होते. मास्तरांनी ते वाक्य मोठ्याने वाचले, पुढचे-मागचे वाचले. बाकीच्या उत्तराला आधार दिलेला होता, या वाक्याला कुठेच नव्हता.

"चुकलं माजं," ते म्हणाले. "गण्या, तुला काय म्हनायचं हाय?"

गणूने पेपर पाहिला. "न्हाई मास्तर. कशावरून ते लिवलेलं न्हाई."

मास्तरांनी टाक शाईत बुडवला, दोनचा एक केला आणि नवी बेरीज खाली लिहिली. दोघे सारखे झाले. गणूवर त्यांचा किती जीव होता हे शाळेत सर्वांना माहीत होते. बोर्डिंगात दिव्याचे तेल संपले की तो त्यांच्याच घरी अभ्यासाला जाई. टाक वाकला नाही.

"आता दोगं बराबर," मास्तर म्हणाले. "शिष्यवृत्ती कुनाला द्यायची त्ये वर इचारावं लागंल. त्ये काय इतिहासाच्या पेपरात लिवलेलं न्हाई."

इनामदारांनी नवी बेरीज स्वतः ताडून पाहिली. मग मिशीवरून हात फिरवून उठले. "इचारू नगासा. म्या मार्क मिळवायला आलतो, त्यो मिळवला. जयसिंगाच्या पुन्याचं आमी बगून घिऊ. पैसं त्या पोराला द्या." पायरी उतरताना ते मागे वळले. "आन् मास्तर, फुडल्या साली माज्या धाकट्याचं नावबी शिवूनच तपासा बरं का. सैल टाका घालू नगासा."

गणू पुण्याला गेला आणि वकील होऊन कोल्हापुरात परतला. कोर्टात साक्षीदाराला तो सर्वांत जास्त वेळा कोणता प्रश्न विचारतो, हे इथे सांगायची गरज नाही.

मास्तर साथीच्या तापात गेले. त्या दिवसांत आमच्या साप्ताहिकातला मृत्युवार्तांचा रकाना पानभर झाला होता आणि प्रत्येकाच्या वाट्याला चार ओळी येत होत्या. मास्तरांच्या चार ओळी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. जन्मसालासाठी मी त्यांच्या मुलाकडे गेलो. तो म्हणाला, "अब्बा म्हनायचे, मोठ्या दुष्काळाच्या आगंमागं. साल कुनालाच ठाऊक न्हाई."

मी लिहिले: 'घरच्यांच्या सांगण्यावरून त्यांचा जन्म मोठ्या दुष्काळाच्या सुमारास झाला. साल नक्की कळले नाही.' संपादकांनी मजकूर वाचून चष्मा काढला. "कळले नाही हे काय छापायचं? एखादं साल टाका. वाचक म्हणतील, बातमीदार झोपला होता." मी म्हणालो, आहे तसेच राहू द्या. जागा कमी होती, वेळही नव्हता. तसेच छापले गेले.

अंक निघाला त्या दिवशी गणू काळ्या कोटातच कचेरीत आला. नमस्कार वगैरे काही नाही. त्याने माझ्या टेबलावर अंक पसरला आणि त्या ओळीवर बोट ठेवले. डोळे लाल होते.

"कशावरूनचा एक," तो म्हणाला, "आन् कुठवरचा एक."

मी भांडलो नाही.