ढेरीवरची शेरवानी

निजामाच्या अमलात परभणीच्या बाजारात एक शिंपी होता. नवी शेरवानी घालून दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं काम त्याचा सडपातळ भाऊ करी. तो आजारी पडला, तेव्हा शिंप्यानं मला बोलावलं. माझी ढेरी तेव्हाही चांगलीच सुटलेली होती. आपलं देखणेपण अखेर कुणाला तरी दिसलं, या आनंदात मी मोठ्या मापाची शेरवानी चढवून उभा राहिलो.

पिंगळीचा एक जाडजूड शेतकरी मला न्याहाळत थांबला. "ह्याच्या ढेरीवर बसती, तर माझ्यावर बी बसंल," म्हणत तो माप द्यायला आत गेला.

संध्याकाळी शिंपी खुशीत म्हणाला, "भावाला बघून जाड माणसं पायरीच चढत नव्हती. तुमी रोज या."

देखणेपणाबद्दल तो काहीच बोलला नाही. तरी मी दोन महिने रोज गेलो.