गोड आवाजाचा हेडफोन

चाकणच्या जाईबाईला कान होते, हाच तिचा गुन्हा. दुसरं काही म्हणजे काही नाही.

कांद्याच्या आडतीवर निवडायला बसणारी ही बाई अठ्ठ्याहत्तर साली चिंचवडच्या एका रेडिओ कंपनीत लागली. लागली म्हणजे टेंपरवारी. सहा महिने झाले की ब्रेक, मग साहेबाची मर्जी असेल तर परत बोलावणं. पट्ट्यावरून तयार रेडिओ यायचे, ते हेडफोन लावून ऐकायचे आणि खरखर असली की लाल चिठ्ठी चिकटवून बाजूला ठेवायचे. तिला एकच ध्यास, कायम व्हायचं. मग कांद्याच्या पोत्यांचं तोंड पुन्हा बघायला नको.

जुने हेडफोन पार खिळखिळे झाले होते. कानाला कमी आणि केसांनाच जास्त धरायचे. म्हणून सुपरवायझर दौलतरावांनी दोन नमुने आणले आणि बायकांना म्हणाले, वापरून बघा, तुम्ही सांगाल तो घेऊ. आता साहेब लोक असं विचारतात तेव्हा त्यांना खरं उत्तर हवंच असतं असं नाही. पण हे जाईबाईला कोणी सांगावं?

एक होता काळा, जड. पोलादी पट्टी, कातड्याच्या गाद्या, वायर आत शिरते तिथे जाड रबर. दुसरा प्लास्टिकचा, डोक्यावर आहे की नाही ते कळू नये इतका हलका. पट्ट्यावर शेजारी बसणाऱ्या सुभद्राबाईसकट सगळ्या त्याच्यावर फिदा. अंबाडा विस्कटत नाही, मान अवघडत नाही, आणि आवाज तरी किती गोड! जाईबाईने मात्र एकच रेडिओ दोन्हींवर आलटून पालटून ऐकला. हलक्याची वायर जरा हलवली की आवाज गचके खायचा. आणि तो गोडवा? काळ्यात जी खरखर कानाला टोचत होती, ती ह्या लबाडाने गुपचूप गिळून टाकली होती.

"ग्वाड हाय, पर खोटा हाय," ती दौलतरावांना म्हणाली. "ह्यो खरखर लपवतो."

दौलतराव खूश. काळे हेडफोन आले. तुम्हाला कायम करायचं माझ्याकडे लागलं, असंही म्हणाले. त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये जाईबाईचे पाय जमिनीवर नव्हते.

मग लागली कटकट. काळ्या हेडफोनात बारीकसारीक सगळंच ऐकू यायला लागलं. लाल चिठ्ठ्यांचे ढीग लागले, माल तुंबला, बायकांचा बोनस बुडाला. जिच्यापायी बुडाला तिच्याशी जेवणाच्या सुट्टीत कोणी बोलेना. सुभद्राबाई तर तिच्याच गल्लीतली, पण तीही डबा उचलून दुसरीकडे जाऊन बसली. एवढे रेडिओ बिघडलेले का निघतात, हे वर कोणी विचारलं नाही हो! विचारलं ते एवढंच, की आधी का निघत नव्हते.

काळे परत गेले, हलके आले. जाईबाईला ब्रेक मिळाला आणि बोलावणं काही आलं नाही. गेटवर गेली तेव्हा दौलतराव नजर चुकवत म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही, जाईबाई. पण तुम्हाला फार ऐकू येतं."

ती परत कांदे निवडायला बसली. जीव नुसता जळत होता तिचा.

दिवाळीला सुभद्राबाईने सवलतीत कंपनीचाच रेडिओ घेतला. घरी लावला तर मनात शंका. नवरा म्हणे झकास आहे, हिला वाटे काहीतरी कुरकुरतंय. रेडिओ कडेवर घेऊन ती जाईबाईच्या दारात आली, मागचं काही झालंच नाही अशी.

"उद्यापतुर बदलून देत्यात," ती म्हणाली. "तुझा कान चांगला हाय. ऐक की, खरखरतोय का?"

जाईबाईने पदराला हात पुसले, बटण फिरवलं, कान लावला. खरखर होती. बारीक, पण पक्की. दिवाळी सरायच्या आत वाढणारी.

"न्हाई गं," जाईबाई म्हणाली. "ग्वाड हाय आवाज."

सुभद्राबाई समाधानाने निघाली. रेडिओ चालूच होता, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ती खरखर जाईबाईला ऐकू येत राहिली.