मळ्यातली एकच चूल

शिवरुद्राला भाषणाचा नाद नव्हता, तत्त्वाचा होता, आणि तो नाद भाषणापेक्षा वाईट. मी त्याचा चुलतभाऊ, म्हणून हक्काने सांगतो. ताडकळसला आमचं किराणा दुकान भागीत होतं. गिऱ्हाईक गूळ मागायचं आणि हा त्याला दिल्लीची बातमी द्यायचा. परभणीला माल आणायला गेला की एका वकिलाकडे बसून वर्तमानपत्र ऐकून यायचा. तिकडे देशाची घटना लिहायला घेतली होती. कायद्यापुढे सगळे सारखे, सगळ्यांना सारखी संधी, ज्याची श्रद्धा त्याला, ज्याची पूजा त्याला, असे तिचे हेतू आधीच ठरले होते. आम्ही निजामाच्या इलाख्यात. ती आम्हाला लागू होणार की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. हा मात्र स्वतःचं लग्न ठरल्यासारखा खूश.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या टोळ्या सडकेवरच्या गावांत शिरू लागल्या. शेजारच्या गावात घरं जळाली, तेव्हा आमच्यातली काही घरं बिऱ्हाड बांधून गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, मळ्यात जाऊन राहिली. मळा व्यंकटराव देशमुखांचा. आमच्यासारखे लिंगायत, कुणबी, देशमुख, महारवाड्यातली दोन-तीन घरं, सगळे एका आंब्याखाली. भीतीपुढे जात टिकत नाही म्हणतात. टिकते हो, फक्त चार दिवस गप्प बसते.

पहिल्याच दिवशी शिवरुद्राने सगळ्यांना गोळा केलं. "आपली घटना आपण हितंच सुरू करू. दोन गोष्टी. कुणी खाली-वर न्हाई, आन् ज्याची पूजा त्याला. नियम एकच, मळ्यात चूल एक. बाया पाळीपाळीनं रांधतील, समदे एका पंगतीला बसतील."

हात वर करून मत द्यायचं, बायकांनीही द्यायचं, असा त्याचा हट्ट. जिवाची धास्ती होती, सगळ्यांनी हात वर केले. व्यंकटरावांनी कपाळाला आठ्या घालून केला. महारवाड्यातल्या दगडाबाईने सगळ्यांच्या शेवटी, इकडेतिकडे बघत केला. हात न उठलेली एकच बाई होती, ती शिवरुद्राची आई, चन्नबसम्मा काकू.

काकू जातीपातीची कट्टर नव्हती, हे आधी सांगतो, नाहीतर तुम्ही तिच्यावर उगाच चिडाल. तिची अडचण वेगळी होती. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग. ते तळहातावर घेऊन पूजा करायची, ताटातलं अन्न आधी त्याला दाखवायचं, मगच घास घ्यायचा. ज्याच्या गळ्यात लिंग नाही तो भवी, आणि भवीच्या हातचं लिंगाला दाखवत नाहीत, असं जुनी माणसं मानत. देशमुखीण ब्राह्मणासारखी सोवळ्यात रांधेना का, काकूच्या हिशोबी तीही भवीच. गळ्यात लिंग असलेल्या आमच्या शांतम्मा वहिनीची रांधायची पाळी आली की काकू पोटभर जेवायची. इतर दिवशी भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा.

वैशाखातलं ऊन, सत्तरीचं शरीर. काकू वाळत चालली. उठताना आंब्याच्या बुंध्याला धरायला लागली.

"अव्वा, आपल्याच शरण संतांनी सांगितलंय न्हवं, जात न्हाई म्हणून?" शिवरुद्र आईपुढे काकुळतीला यायचा.

"मी कुठं जात इचारायलेय? दगडाबाईनं लिंग बांधून घ्यावं. तिच्या हातचं आता खाते."

दगडाबाई तिथेच भाकरी थापत होती. तिने हात थांबवला. "आजी, तुमी जेवावं म्हणून मी माझा खंडोबा सोडू व्हय?"

काकूने लेकालाच धरलं. "तूच म्हनलास, ज्याची पूजा त्याला. माझी पूजा ताटापाशी संपती. मला माझी चूल दे."

"एक चूल येगळी झाली की समद्या होतील, अव्वा."

"मंग मी मरू का रं?"

त्यावर तो उठून नदीकडे निघून गेला. मला त्या दिवशी त्याचा फार राग आला. आणि काकूचाही आला. दोघंही खरं बोलत होते, म्हणूनच जास्त आला.

दोन दिवसांनी काकू पाण्याची घागर उचलताना कोसळली. तिला सावलीत आणून निजवलं तेव्हा ती हाताला काडीसारखी लागली. मीच सगळ्यांना बोलावलं आणि काकूला वेगळी चूल द्यावी का, असं विचारलं. सगळ्यात आधी हात वर गेला तो दगडाबाईचा. "म्हातारी मराया लागलीय. द्या की," ती म्हणाली. मग सगळ्यांचेच गेले. व्यंकटरावांचा तर खांद्याच्याही वर. नको म्हणणारा शिवरुद्र एकटाच. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "ठरलं मंग. नियम म्हंजे नियम."

दुसऱ्या दिवशी शांतम्मा वहिनीने आंब्यामागे तीन दगड मांडले. आणि शिवरुद्राचं भाकीत लगेच खरं झालं. दुपार व्हायच्या आत व्यंकटरावांच्या वाड्यातल्या बायकांनी चूल मांडली. "आमची बी पूजाच हाय," व्यंकटराव म्हणाले. मग कुणब्यांनी मांडली. त्यांच्या दोन भावांच्यासुद्धा दोन झाल्या. दगडाबाईला कोणी एक शब्द बोललं नाही. तिने आपणहूनच सामायिक हंडा उचलला आणि पार ओढ्याच्या पलीकडे नेऊन ठेवला, गावात त्यांची वस्ती असते तेवढ्याच अंतरावर.

काकूने पूजा केली, लिंगाला ताट दाखवलं. जोंधळ्याची भाकरी, वरण. ताट झाकलं आणि मला म्हणाली, "शिवरुद्राला हाक मार. लेकरू सकाळधरनं उपाशी हाय."

मी गेलो. तो ओढ्यापलीकडे दगडाबाईच्या पंगतीत बसला होता, पुढ्यात भाकरी वाढलेली पितळी. मला बघून म्हणाला, "अव्वाला म्हनावं, तू जेव. तुझा हक्क हाय. मी हितं ठीक हाय."

निरोप ऐकून काकू झाकल्या ताटाकडे बघत बसली. शांतम्मा वहिनी मिनतवारी करत होती. ऊन कलेपर्यंत काकूने घास तोंडाला लावला नाही. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, तांब्या घेतला आणि स्वतःच्या चुलीवर पाणी ओतलं.

"जा, सांग त्याला," ती मला म्हणाली. "मी इझवली."

मी ओढ्याकडे निघालो. मळाभर चुली धुमसत होत्या, आणि वाटेत एकीपाशीही कुणी पाणी घेऊन उठलेलं दिसलं नाही.