मंगळवारचा बाजार

फाळणीनंतर सियालदा स्टेशनवर मी निर्वासितांच्या याद्या करत असे. तिथे एक बाई होती, स्वतः निर्वासित. पान चघळत त्यांच्यात बसायची, एक अक्षर लिहायची नाही. तरी सगळे तिच्याकडेच धावत, आणि मला ते सलायचं.

एकदा छावणीचा ट्रक सुटायच्या बेताला एका म्हातारीचा मुलगा सापडेना. रडण्यात तिला गावाचं नावही सांगता येईना. मी याद्या चाळत राहिले.

त्या पानवाल्या बाईने म्हातारीला विचारलं, "आजी, तुमचा बाजार कुठल्या वारी?"

"मंगळवारी. नदीपलीकडे, वडाखाली."

"मंगळवारच्या वडाखालचे कोण रे?" ती फलाटभर ओरडत गेली. मुलगा धावत आला.

म्हातारीने त्याला कवटाळलं. तरी, "हा तुमचाच कशावरून?" असं मी दोनदा विचारलं.